ऑपरेशननंतरचं दुखणं आणि ओपिऑइड्स: इथवर आलो कसे

ऑपरेशननंतर नर्स विचारते ना, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, ती पद्धत तशी अलीकडची आहे, औषध मात्र दोनशे वर्षं जुनं: मॉर्फिन, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या ओपिऑइड नावाच्या वेदनाशामकांपैकी एक. जर्मनीत सेर्ट्युर्नर नावाच्या तरुण फार्मासिस्टने 1805 च्या आसपास अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं आणि पुढे स्वतःवर आणि तीन पोरांवर त्याचा प्रयोग केला, डोस एवढा जास्त झाला की शेवटी व्हिनेगर पिऊन उलट्या काढाव्या लागल्या. म्हणजे औषधाची ताकद आणि त्याचा धोका, दोन्ही तेव्हाच दिसलं होतं.

1846 ला बोस्टनमध्ये इथरची भूल देऊन ऑपरेशन करून दाखवलं, पण भूल उतरल्यावर काय हा प्रश्न उरलाच. 1853 च्या सुमारास इंजेक्शनची सुई आली, मॉर्फिन टोचता यायला लागलं आणि बऱ्याच डॉक्टरांना वाटलं की पोटातून न देता टोचून दिलं तर सवय लागणार नाही. लागली. 1898 ला बायरने हेरॉइन खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं, त्याचीही सवय लागत नाही असंच सांगत, मग 1930 च्या दशकाच्या शेवटी पेथिडीन हे कृत्रिम ओपिऑइड आलं तेव्हाही तीच आशा. दर वेळी नवीन नाव आणि तोच भरवसा.

1973 ला मेंदूतले ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या ज्या जागांना हे औषध चिकटतं त्या, सापडले तेव्हा कळलं की दुखणं थांबवायचं पण धोका नको हे का जमत नव्हतं. ज्या रिसेप्टरला चिकटून हे औषध दुखणं कमी करतं तोच रिसेप्टर श्वास चालवणाऱ्या केंद्रात आहे आणि आतड्यातही आहे, म्हणून दुखणं थांबतं तसा श्वास मंदावतो, आतडी सुस्तावतात, मळमळ, खाज, लघवी अडकणं हे सगळं मागोमाग येतं. हळूहळू मळमळ आणि गुंगीला शरीर सरावतं, बद्धकोष्ठ मात्र औषध चालू असेपर्यंत पिच्छा सोडत नाही.

ऑपरेशननंतर ओपिऑइड देणाऱ्या मशीनचं बटण पेशंटच्याच हातात द्यायची कल्पना मला यातली सगळ्यात हुशारीची वाटते. बटण दाबलं की ठरलेला छोटा डोस जातो आणि मग काही मिनिटं मशीन लॉक. जास्त झालं की पेशंटला झोप लागते, झोपलेला माणूस बटण दाबत नाही, हेच त्याचं संरक्षण. म्हणूनच त्याला दुखत असेल म्हणून नातेवाइकांनी मायेपोटी बटण दाबायचं नसतं, झोपेत श्वास थांबू शकतो.

1980 ला एका मोठ्या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये जेमतेम पाच वाक्यांचं पत्र आलं: हॉस्पिटलमध्ये ओपिऑइड मिळालेल्या 11,882 पेशंटमध्ये व्यसनाच्या फक्त चार नोंदी. हे सगळे अ‍ॅडमिट असलेले, नजरेखालचे पेशंट होते, घरी महिनोन्महिने गोळ्या घेणारे नव्हते, पण तो फरक गळाला आणि पत्र पुरावा म्हणून शेकडो वेळा पुढे केलं गेलं. 1996 ला पर्ड्यू कंपनीची ऑक्सिकॉन्टिन ही ओपिऑइडची गोळी आली, त्याच सुमारास नाडी, श्वास, ताप, रक्तदाब यांच्यासारखंच दुखणंही दर वेळी मोजा, ते पाचवं व्हायटल साइन माना ही मोहीम सुरू झाली. मोहिमेमागची तळमळ खरी होती असं माझं मत आहे, कारण तोवर पेशंटचं दुखणं खरंच कुणी धड मोजत नव्हतं, पण अमेरिकेत लोक बरे होऊन घरी जाताना गोळ्यांचे मोठमोठे डबे घेऊन गेले. पर्ड्यूने दिशाभूल करून विक्री केल्याचा गुन्हा 2007 ला कबूल केला. 2017 च्या एका अमेरिकन अभ्यासात आधी ओपिऑइड न घेणाऱ्यांपैकी साधारण 6 टक्के लोक ऑपरेशननंतर तीन महिने उलटले तरी ते घेतच होते, आणि लहान ऑपरेशन असो की मोठं, आकडा जवळपास तोच.

याचा अर्थ दुखणं सहन करा असा नाही हं. पोटाच्या ऑपरेशननंतर दुखतंय म्हणून माणूस खोकत नाही, कफ साठतो, न्यूमोनियाची भीती वाढते. 1990 च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधं एकत्र द्यायची पद्धत लावून धरली: पॅरासिटामॉल, सूज कमी करणारी गोळी, नर्व्ह ब्लॉक (नर्व्हजवळ इंजेक्शन देऊन तेवढा भाग बधिर करणं), आणि यावरही भागलं नाही तर ओपिऑइड, तेही थोडे दिवस. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेत सुझेट्रिजीन मंजूर झालं, ते ओपिऑइड नाही, दुखण्याचा सिग्नल नर्व्हमध्येच अडवतं.