सहस्रचंद्रदर्शनाच्या आधीचे आठ आठवडे

एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. अशा हजार पौर्णिमा भरायला ८० वर्षं आणि साधारण १० महिने लागतात, म्हणून सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा एक्क्याऐंशीव्या वर्षी करायची रीत आहे. हॉल ठरतो, ८१ दिव्यांनी ओवाळतात, मुलं-नातवंडं भाषणं करतात. ज्यांच्या आयुष्याबद्दल हे सगळं बोललं जातं, त्यांच्या वाट्याला मात्र शेवटची दोन मिनिटं येतात, आणि 'सगळ्यांनी माझं खूप केलं' एवढ्यावर ती संपतात.

आयुष्याकडे मागे वळून समाधानानं पाहता येणं ही म्हातारपणाबरोबर आपोआप येणारी गोष्ट नाही. तिच्यामागे स्मरणाची एक प्रक्रिया असते. त्या प्रक्रियेला वेळ लागतो, नेमके प्रश्न लागतात आणि समोर ऐकणारं माणूस लागतं. सोहळ्याच्या आधीचे दोन महिने यासाठी फार चांगले. घरच्या कुणालाही हे जमण्यासारखं आहे, पण काही गोष्टी माहीत असायला हव्यात.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वृद्ध माणूस जुनंच सांगत बसला, की त्याची बुद्धी आता मंदावली, असं डॉक्टरसुद्धा धरून चालत. १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं एका निबंधात याच्या उलट मांडणी केली. आयुष्याचा शेवट जवळ आल्याची जाणीव झाली, की मन आपणहून जुने प्रसंग वर काढतं. विशेषतः जे मिटले नाहीत ते. हे उगाळणं नसून आयुष्याची फेरतपासणी असते, असं त्यांचं म्हणणं. यातून काहींना शांतपणा लाभतो, तर काही जण अपराधी भावनेत आणि निराशेत रुततात, असंही त्यांनी तिथेच लिहून ठेवलं होतं. हा दुसरा भाग बहुतेक लोक विसरतात.

कोण कुठल्या वाटेला जातं, हे आठवण्याच्या पद्धतीवर बरंच अवलंबून असतं. १९९१ मध्ये कॅनडात वाँग आणि वॉट या संशोधकांनी वृद्धांच्या आठवणींचे प्रकार वेगळे करून पाहिले. जे म्हातारपण चांगलं घालवत होते त्यांच्या बोलण्यात दोन प्रकार जास्त आढळले: झालं-गेलं जुळवून घेणाऱ्या आठवणी, आणि 'त्या अडचणीतून मी असा मार्ग काढला' अशा आठवणी. एकच सल पुन्हापुन्हा काढणाऱ्या आठवणी त्यांच्यात कमी होत्या. म्हणजे नुसतं 'आजोबा, जुनं काही सांगा ना' म्हणून भागत नाही. २०१२ मध्ये पिंकार्ट आणि फोर्स्टमायर यांनी १२८ अभ्यास एकत्र तपासले. त्यातही हेच दिसलं: नुसत्या गप्पांपेक्षा, क्रमानं आणि मूल्यमापनासह केलेल्या आयुष्याच्या उजळणीनं नैराश्य जास्त कमी होतं.

आता स्मृतीबद्दल. साठीपुढच्या कुणालाही आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर वय वर्षं १० ते ३० या काळातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात. मानसशास्त्रात याला स्मरणाचा उंचवटा म्हणतात, कारण आलेखावर तो तसाच दिसतो. या काळात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात: पहिली नोकरी, पहिलं बिऱ्हाड, पहिलं मूल. आणि आपण कोण आहोत, हे ठरण्याचं वयही तेच. १९४५ च्या आसपास जन्मलेल्या मराठी माणसाचा उंचवटा १९५५ ते १९७५ असा येतो. त्यात संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन येतं, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर येतो, डिसेंबर १९६१ मधली गोव्याची मुक्ती येते, डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप येतो आणि १९७२ चा दुष्काळ येतो. प्रश्न विचारणाऱ्यानं ही वर्षं आधी कागदावर मांडून घ्यावीत. 'दुष्काळात तुमच्याकडे पाणी कुठून यायचं?' या प्रश्नाला जे उत्तर येतं, ते 'तुमचं तरुणपण कसं होतं?' या प्रश्नाला कधीच येत नाही.

हा उंचवटा सरकतोही. तिशीच्या मध्यावर देशांतर केलेल्या माणसांमध्ये तो देशांतराच्या वयाकडे सरकलेला आढळतो. बांगलादेशातल्या वृद्धांमध्ये १९७१ च्या मुक्तियुद्धाच्या सुमारास दुसरा उंचवटा दिसला. म्हणून घरातल्या आजी चाळिशीत गाव सोडून मुंबईला आल्या असतील, तर त्या दोन-तीन वर्षांना एक अख्खी बैठक द्यावी.

वयाबरोबर आणखी एक बदल होतो, आणि तो फार आश्वासक आहे. २००३ मध्ये चार्ल्स, मॅथर आणि कार्स्टनसन यांनी तरुण, मध्यमवयीन आणि वृद्ध अशा तिन्ही वयोगटांतल्या लोकांना सुखद, दुःखद आणि साधी चित्रं दाखवून नंतर काय आठवतं ते विचारलं. वय जितकं जास्त, तितका दुःखद चित्रांचा वाटा कमी होत गेला. पुढे वेळ थोडा आहे असं उमगलं, की माणूस भावनिक समाधान देणाऱ्या गोष्टींकडे लक्ष वळवतो, असं लॉरा कार्स्टनसन यांचं स्पष्टीकरण आहे. पण यात एक अट आहे. वृद्धांचं लक्ष दुसऱ्या कामात अडकवून तोच प्रयोग केला, तर हा कल टिकत नाही. सुखद गोष्टीकडे वळायला मेंदूला श्रम पडतात. म्हणून टीव्ही चालू, दारात भाजीवाला, शेजारी फोनवर बोलणारं कुणीतरी, अशा गडबडीत बैठक घेतली, की कडवट गोष्टीच वर येतात आणि 'आजी नेहमी तक्रारच करतात' असा शिक्का बसतो.

बैठकींची आखणी अशी करता येते. बार्बरा हाइट या अमेरिकी परिचर्या-संशोधकांनी घडवलेल्या पद्धतीत आठवड्याला एक, तासाभराची, अशा सहा ते आठ बैठका असतात. ऐकणारा एकच, आणि तोच शेवटपर्यंत. पंचाऐंशीच्या पुढे पंचेचाळीस मिनिटं पुरतात. वेळ सकाळची, चहा-नाश्ता झाल्यावर. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेत असतील, तर तिचा जोर ओसरल्यावर बसावं, नाहीतर दर दहा मिनिटांनी उठावं लागतं आणि धागा तुटतो.

वयोमानानं आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त ही व्यंजनं निसटतात आणि शब्द अर्धवट कानावर पडतात. ओरडून उपयोग नसतो, ओरडताना आवाजाची पट्टी आणखी चढते. समोरासमोर, हातभर अंतरावर बसावं, उजेड विचारणाऱ्याच्या तोंडावर असावा, आवाज खालच्या पट्टीत आणि संथ असावा. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजावं. या वयात आठवण सापडायला वेळ लागतो आणि आपण तिसऱ्या सेकंदाला पुढचा प्रश्न टाकतो.

पहिल्या बैठकीला एक मोठा कोरा कागद आणि पेन्सिल घ्या आणि लहानपणच्या घराचा नकाशा काढायला सांगा. ओटी कुठे, माजघर कुठे, चूल कुठल्या भिंतीला, विहीर किती पावलांवर, कोण कुठे झोपायचं. हात थरथरत असेल तर ते सांगतील तसं तुम्ही काढा. जागेला धरून आठवणी साखळीनं येतात, आणि 'मला काही आठवत नाही' म्हणणारी माणसंही माळ्यावर जायची शिडी कुठे होती, हे बरोबर सांगतात. शब्दांनी किंवा फोटोंनी जाग्या होणाऱ्या आठवणी बहुतेक वय वर्षं ११ ते २० मधल्या असतात, तर वासानं जाग्या होणाऱ्या बऱ्याचदा दहाच्या आधीच्या, हे स्वीडनमध्ये विलांडर आणि लार्सन यांनी २००६ मध्ये दाखवलं. उटणं, कापूर, भिजवलेलं आमसूल, ओली माती यांतलं एखादं, एका वेळी एकच, हातात द्यावं आणि गप्प बसावं.

पुढच्या बैठका वयाच्या क्रमानं: आई-वडील आणि भावंडं, शाळा आणि वयात येणं, कामधंदा आणि लग्न, मग चाळिशी-पन्नाशीचा काळ, त्यानंतर अलीकडची वीस वर्षं. प्रत्येक टप्प्यावर एखाद्या विशिष्ट दिवसाची गोष्ट काढायची. 'वडील कडक होते' ही आठवण झाली नाही, तो शेरा झाला. 'ते रागावले असा एखादा दिवस सांगा, सकाळ होती की संध्याकाळ?' असं विचारलं की प्रसंग येतो. हा भेद फार मोलाचा आहे. नैराश्यात माणसाची स्मृती ढोबळ होते, सगळं 'नेहमीच असं' या रूपात आठवतं. स्पेनमध्ये सेरानो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नैराश्याची लक्षणं असलेल्या वृद्धांकडून चार आठवडे फक्त नेमके प्रसंग आठवण्याचा सराव करून घेतला. त्यांचं नैराश्य कमी झालं आणि आयुष्याबद्दलचं समाधान वाढलं.

शेवटच्या दोन बैठका सर्वांत महत्त्वाच्या, आणि नेमक्या त्याच टाळल्या जातात. त्यात नवीन आठवणी काढायच्या नसतात, आधी निघालेल्या तोलायच्या असतात. कोणता निर्णय पुन्हा घ्यायचा झाला तर तसाच घ्याल? सगळ्यांत कठीण वर्ष कोणतं, आणि तेव्हा कोण उभं राहिलं? तुम्ही कुणासाठी काय केलंत, जे घरात कुणाला माहीतच नाही? एखाद्याचं काही द्यायचं राहिलं का?

इथे खंत निघणारच. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांच्या १९९० च्या दशकातल्या संशोधनानुसार, नजीकच्या काळातलं 'का केलं' हे जास्त सलतं. आयुष्यभराकडे पाहताना मात्र 'करायचं राहून गेलं' हे जास्त सलतं. आपल्याकडच्या आज्यांमध्ये यातली पहिली खंत बहुधा सुटलेल्या शिक्षणाची असते. त्यावर 'जाऊ दे ना आता, सगळं चांगलंच झालं की' म्हणणं ही ऐकणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक. त्यानं दार बंद होतं. 'तेव्हा तुमच्या हातात काय होतं?' हा प्रश्न विचारावा. तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात तेव्हा किती कमी होतं, हे स्वतःच्या तोंडून सांगताना अनेकींचा स्वतःवरचा राग निवळतो. कृतज्ञता त्यानंतर येते. दुःखाचा भाग वगळून ती मागायला गेलं, तर मिळतं ते फक्त सभ्य बोलणं.

आणखी काही चुका नेहमी होतात. 'आठवतंय का?' असं विचारलं की परीक्षा सुरू होते. साल चुकलं म्हणून दुरुस्त करू नये. आठवण दर वेळी सांगताना नव्यानं बांधली जाते, त्यामुळे तपशील हलतो, आणि इथे आपल्याला खटल्याचा पुरावा नकोय. नवरा-बायकोला एकत्र बसवू नये, निदान पहिल्या सहा बैठकांत तरी. एक बोलतो आणि दुसरा सुधारत राहतो. प्रत्येक बैठकीची शेवटची दहा मिनिटं आजच्या दिवसावर आणावीत: जेवायला काय, संध्याकाळी कोण येणार. कठीण प्रसंगावर बैठक अर्धवट सोडून उठलं, तर त्या रात्री झोप लागत नाही.

आभाराचं म्हणाल तर 'सगळ्यांचे आभार' या वाक्याचा मनावर फारसा परिणाम होत नाही. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लोकांना अशा एकाच व्यक्तीला पत्र लिहायला लावलं, जिचे आभार कधी नीट मानलेच गेले नव्हते, आणि ते समोर जाऊन द्यायला सांगितलं. त्याचा आनंद साधारण महिनाभर टिकला. ज्येष्ठांसाठी पत्र तुम्ही लिहून घ्या. काय केलं, कधी केलं, त्यामुळे पुढे काय घडू शकलं, या तिन्ही गोष्टी त्यात हव्यात. ती व्यक्ती हयात नसेल, तर तिच्या मुलांना द्यावं. माझ्या मते अशी पत्रं सोहळ्यातल्या कुठल्याही मानपत्रापेक्षा मोलाची.

सगळ्यांनाच हे लगेच सुरू करू नये. ज्येष्ठांच्या नैराश्यासाठी पंधरा प्रश्नांची एक चाचणी जगभर वापरतात. तिचा पहिलाच प्रश्न आहे, 'एकंदरीत तुम्ही आपल्या आयुष्याबद्दल समाधानी आहात का?' पाचपेक्षा जास्त गुण आले, तर आधी डॉक्टरांकडे जावं. भूक मेलेली, पहाटे तीनला जाग, 'मी ओझं आहे' असं वारंवार बोलणं, ही लक्षणं दोन आठवडे दिसली तरी तेच. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइनचा क्रमांक १४५६७. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतही आयुष्य तोलायचे प्रश्न नकोत, नुसतं ऐकावं.

स्मृतिभ्रंश असेल तर पद्धत बदलते. तिथे अलीकडच्या आठवणी आधी जातात, जुन्या जास्त टिकतात, गाणी तर बरीच उशिरापर्यंत. तोलण्याच्या बैठका वगळाव्यात आणि हातात वस्तू द्याव्यात: अडकित्ता, वरवंटा, जुनं रेशनकार्ड, गिरणीचा बिल्ला. २०१८ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात असे २२ अभ्यास तपासले गेले. फायदा दिसला, पण थोडा, आणि सगळीकडे सारखा नाही. आजार थांबेल या आशेनं हे करू नये. तेवढा वेळ बरा जातो, यासाठी करावं.

सगळं रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा, आणि दर वेळी विचारा. फोन विमान मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर, तोंडापासून हातभर अंतरावर. थेट टेबलावर ठेवला तर कपबशीचा प्रत्येक आवाज घुमतो. पंखा एकवर ठेवा. प्रत्येक फाइलला तारीख आणि टप्पा लिहा आणि त्याच दिवशी दुसरीकडे एक प्रत काढून ठेवा.

कॅनडातले हार्वे चोचिनोव्ह हे आजारपणाच्या अंतिम टप्प्यातल्या रुग्णांसाठी असंच काम करतात: मुलाखत, तिचं लिखाण, आणि मग ते लिखाण रुग्णाला वाचून दाखवणं. २००५ च्या त्यांच्या अभ्यासात १०० पैकी ९१ जणांनी समाधान व्यक्त केलं. २०११ च्या मोठ्या चाचणीत मनःस्तापाच्या मोजपट्टीवर इतर उपचारांपेक्षा ठळक फरक दिसला नाही, तरी रुग्णांनी याच पद्धतीला जास्त उपयुक्त म्हटलं. यातली वाचून दाखवण्याची पायरी घरीही सोडू नये. लिहिलेली पंधरा-वीस पानं त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत ठेवा आणि संथपणे वाचा. इथे बहुतेक ज्येष्ठ काहीतरी बदलायला सांगतात: जावेबद्दलचं एखादं वाक्य, वाटणीच्या वेळचं भांडण. जे काढायला सांगतील ते काढायचं, आणि मूळ रेकॉर्डिंगमधला तो भागही त्यांच्यासमोर पुसायचा.