घटस्फोटासाठी वकील परवडत नाही? मोफत वकिलाचा अर्ज कुठे अडतो ते वाचा

तालुक्याच्या कोर्टात वकील मोजकेच. एक सासऱ्यांची जमिनीची केस बघतो, दुसरा दिराचा मित्र, तिसऱ्याने नवऱ्याचं वकीलपत्र आधीच घेतलेलं. मग बायका गप्प बसतात. पण वकील त्याच गावचा असला पाहिजे असा नियम नाही, सनद असलेला कुठलाही वकील कुठल्याही कोर्टात उभा राहू शकतो, त्यामुळे शेजारच्या तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी बघा. आणि पहिल्या फोनवर सगळी कहाणी सांगत बसू नका. दोघांची नावं सांगा, समोरच्यांपैकी कुणाचं काम तुमच्याकडे आहे का एवढं विचारा, मगच पुढचं बोला.

आता मोफत वकील. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा, दोन्ही ऑफिसं कोर्टाच्या आवारातच असतात. नाल्साच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) साइटवर ऑनलाइनही होतो, हेल्पलाइन १५१००. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, लिहून घेणं त्यांचं काम आहे.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात उत्पन्नाच्या दाखल्यावर, आणि हे बघून खरंच चीड येते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये महिला म्हणूनच पात्रता आहे, उत्पन्न कितीही असो. एससी, एसटी आणि दिव्यांग व्यक्तींनाही तेच. तरी फॉर्मवर उत्पन्नाचा रकाना रिकामा दिसला की टेबलावरचा माणूस सांगतो, तहसीलचा दाखला आणा, आणि बाई लेकराला कडेवर घेऊन तहसीलच्या रांगेत. तिथेच शांतपणे म्हणा, "मी कलम १२ (सी) खाली, महिला म्हणून अर्ज करतेय." बाकी पुरुषांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे, त्यासाठीही कायद्याप्रमाणे उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, अध्यक्षांकडे अपील करता येतं. पॅनलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला, एखादा ठरावीक वकील हवा असेल तर तसं अर्जातच लिहा, विचार करतात. आणि त्या वकिलाने वर पैसे मागितले तर देऊ नका, लगेच प्राधिकरणाला कळवा.

लग्नाचं सर्टिफिकेट नाही म्हणूनही लोक घाबरून परत जातात. हिंदू विवाह कायद्यात नोंदणी नसली म्हणून लग्न रद्द होत नाही, पत्रिका, फोटो, साक्षीदार चालतात.

मुदतीचा घोळ तर नेहमीचाच. परस्पर संमतीच्या घटस्फोटात "सहा महिने वेगळं राहिलं की झालं" असं ऐकून लोक येतात. तसं नाही हो. आधी किमान १ वर्ष वेगळं राहणं, मग अर्ज, मग ६ महिन्यांनी दोघांनी पुन्हा येऊन संमती सांगायची, आणि ते अर्जापासून १८ महिन्यांच्या आत. मधले ६ महिने कोर्ट माफ करू शकतं, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये तसं सांगितलंय, पण त्यासाठी वेगळा अर्ज लागतो.

खासगी वकील केलात तर फी लेखी ठरवा, हप्ते मागा, पावती घ्या. पोटगीतले टक्के मागणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. कमाई नसेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली केसचा खर्च जोडीदाराकडून मागता येतो, पण तो अर्ज सुरुवातीलाच टाकायला सांगा. वकील बदलायचाय आणि फी बाकी म्हणून तो कागद देत नाहीये? तसं अडवून ठेवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने हे २००० सालीच स्पष्ट केलंय. फाइल लेखी मागा आणि त्या पत्राची पोच जपून ठेवा.