ॲश (लाकूड)

फ्रॅक्सिनस प्रजातीतल्या पानझडी वृक्षांपासून मिळणारे फिकट रंगाचे, चिवट आणि लवचिक कठीण लाकूड. हे वृक्ष पारिजातक आणि मोगऱ्याच्या कुलातले (ओलिएसी). व्यापारात मुख्यतः दोन जाती चालतात: युरोपीय ॲश आणि अमेरिकेतला पांढरा ॲश. सह्याद्रीत ॲश उगवत नाही. त्यामुळे पुण्यात तो आयात फळ्यांच्या किंवा प्लायवर चिकटवलेल्या व्हिनियरच्या (लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या) रूपात येतो.

रंधा मारलेली फळी उजेडात तिरकी धरली की ॲश लगेच ओळखू येतो. वसंतात वाढलेल्या लाकडात डोळ्यांना दिसतील एवढी मोठी छिद्रे असतात आणि उन्हाळ्यात वाढलेला थर घट्ट असतो. त्यामुळे प्रत्येक वर्षाचे वलय ठसठशीत उमटते. सागातही अशीच वलये असतात, पण ॲशच्या पांढुरक्या अंगावर ती जास्त उठून दिसतात. रसकाष्ठ (सालीलगतचे बाहेरचे लाकूड) दुधाळ, तर गाभा फिकट ते मध्यम तपकिरी असतो. तंतूंची रेषा बहुधा सरळ जाते. पॉलिश गुळगुळीत हवे असेल तर आधी फिलरने छिद्रे बुजवावी लागतात. मात्र छिद्रे उघडी ठेवून हलके पॉलिश केले तर लाकडाचा पोत हाताला लागतो, आणि ॲशचे सौंदर्य त्यातच आहे.

वाळलेल्या लाकडाची घनता घनमीटरला साधारण 680 किलो असते. जान्का कसोटीत (पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती बल लागते ते मोजतात) पांढऱ्या ॲशची कठीणता सुमारे 5,900 न्यूटन भरते, सागाची सुमारे 4,700. या आकड्यांवरून ॲश सागापेक्षा सरस ठरवणे मात्र चुकीचे आहे. टिकाऊपणाच्या युरोपीय श्रेणीत साग पहिल्या वर्गात बसतो आणि ॲश पाचव्या, म्हणजे शेवटच्या वर्गात. सागात बुरशी आणि वाळवीला रोखणारी नैसर्गिक द्रव्ये असतात, ॲशमध्ये ती जवळपास नसतात. रसकाष्ठातल्या स्टार्चवर बारीक भुंगेरे जगतात. फळीखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर ते आत शिरलेत असे समजावे. पावसाची झड लागणारी खिडकीची चौकट, बाल्कनीतले बाक किंवा मोरीलगतचे दार यांसाठी साधा ॲश वापरूच नये. 180 ते 220 अंश सेल्सियस तापमानाला भाजून काढलेला ॲश बाहेर टिकतो. तो गडद तपकिरी होतो आणि पाणी कमी पितो, पण त्याचा चिवटपणा घटतो.

पुण्याच्या हवेत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. एप्रिलमधली कोरडी दुपार आणि जुलैमधली दमट हवा यांत लाकूड आकसते-फुगते. ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत पांढरा ॲश वलयांच्या दिशेने सुमारे 7.8 टक्के आकसतो, साग सुमारे 5.3 टक्के. म्हणून भट्टीत नीट वाळवलेलाच माल घ्यावा आणि रुंद फळी चौकटीच्या खाचेत गोंद न लावता सैल बसवावी. नाहीतर ती तडकते किंवा सांधा उघडतो.

ॲशचा खरा कस धक्क्यात आणि वाकवण्यात लागतो. वाफेवर तापवल्यावर तंतूंना बांधणारे लिग्निन मऊ पडते आणि लाकूड साच्यावर वाकवता येते. बाहेरच्या कडेवर ताण येऊन तंतू फाटू नयेत म्हणून तिथे पोलादी पट्टी कसतात. थंड झाल्यावर बाक कायम राहतो. कुऱ्हाड-हातोड्याचे दांडे, बेसबॉलची बॅट, आयर्लंडमधल्या हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळाची काठी, स्नूकरची क्यू, जिम्नॅस्टिक्सचे समांतर बार आणि मॉर्गन या ब्रिटिश मोटारीच्या बॉडीचा सांगाडा हे सगळे ॲशचे. आपल्याकडे दांड्यांचे काम बाभूळ आणि धावडा पिढ्यानपिढ्या करत आले आहेत, आणि चांगले करतात. धातूच्या आणि कार्बनच्या रॅकेटी येण्यापूर्वी टेनिस-बॅडमिंटनच्या लाकडी रॅकेटींची चौकट बहुतेकदा ॲशची असे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश छावणीतल्या खेळामुळे बॅडमिंटनला ‘पूना’ हे नाव मिळाले होते, त्यामुळे पुणेकरांना या वापराचे विशेष वाटायला हरकत नाही.

हिमालयातही ॲशच्या जाती आहेत. गढवालात या झाडाला ‘अंगू’ म्हणतात. हलके आणि मजबूत असल्याने बैलांच्या मानेवरचे जू त्याचेच करत. 1973 मध्ये चमोलीतल्या दशोली ग्राम स्वराज्य संघाने शेतीच्या अवजारांसाठी अंगूची झाडे मागितली. वनखात्याने ती नाकारली आणि अलाहाबादच्या एका खेळसाहित्य कंपनीला मात्र त्याच झाडांचा ठेका दिला. चंडीप्रसाद भट्ट यांच्या पुढाकाराने मंडल गावच्या लोकांनी एप्रिलमध्ये तोड अडवली आणि चिपको आंदोलन उभे राहिले. शेतकऱ्याच्या जुवाआधी रॅकेटीला लाकूड मिळावे, हा निर्णय आजही अन्यायाचाच वाटतो. ॲशचे गुण सांगताना हा प्रसंग गाळता येत नाही.

सध्या या वृक्षावर दुहेरी संकट आहे. आशियातून गेलेला पाचूसारखा हिरवा भुंगेरा 2002 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये आढळला आणि त्याने कोट्यवधी झाडे मारली. त्याच्या अळ्या सालीखालचा थर पोखरतात, त्यामुळे झाडाचा अन्नपाण्याचा मार्गच तुटतो. युरोपात 1990च्या दशकापासून शेंड्याकडून झाड वाळवणारा बुरशीजन्य रोग पसरला आहे. त्याची पहिली नोंद पोलंडमधली. पुरवठा घटल्यामुळे फेंडर कंपनीने 2020 मध्ये आपल्या नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारींतला ॲशचा वापर कमी करत असल्याचे जाहीर केले.