प्रेडिक्शन मार्केट (कायदेमंडळाच्या निवडणुका)

कायदेमंडळात बहुमत कुणाला मिळणार, एखादी जागा कोणत्या पक्षाला जाणार, यावर काँट्रॅक्टची खरेदी-विक्री जिथं होते तो बाजार. अंदाज खरा ठरला तर काँट्रॅक्टमागे १ डॉलर, नाही ठरला तर शून्य, म्हणून ६२ सेंट भाव असेल तर बाजाराच्या मते शक्यता साधारण ६२ टक्के. आपल्याकडच्या सट्ट्याची सवय असलेल्यांचा इथं हमखास घोळ होतो, कारण सट्ट्यात भाव जितका कमी तितका उमेदवार पक्का आणि इथं नेमकं उलटं. पुढची बरीचशी माहिती अमेरिकेतली आहे, नोंदी तिथेच नीट ठेवल्या गेल्यात.

उगमाबद्दल एकमत नाही. बरेच जण सुरुवात जेनोआपासून धरतात. तिथं साधारण १६ व्या शतकात सरकारी मंडळांवर बसणारी माणसं ठरवायला वर्षातून दोनदा नावांच्या चिठ्ठ्या काढत, पाच नावं निघत (एकूण नावं किती यावर मतभेद आहेत, कुठे १२० तर कुठे ९०), आणि लोक त्या पाचांवर पैज लावत. पण यात एक अडचण आहे जिच्याकडे सहसा कुणी बघत नाही, चिठ्ठी काढायची तर कुणालाच आतली माहिती असू शकत नाही, मग भावात माहिती गोळा होणार कुठून? पुढे त्यातून लॉटरीच निघाली, आणि ते जास्त साहजिक वाटतं. त्या मानाने रोममधल्या पोपच्या निवडीवरच्या पैजा जवळच्या वाटतात. तिथं खरंच मतदान असायचं आणि आतल्या बातम्या बाहेर फुटायच्या. १५०३ च्या सुमारास ही प्रथा जुनीच मानली जात होती आणि १५९१ मध्ये पोप चौदाव्या ग्रेगरीनं तिच्यावर बंदी घातली. अर्थात पोपची निवड म्हणजे कायदेमंडळ नव्हे. पार्लमेंटच्या जागांवरच्या पैजा १८ व्या शतकात लंडनच्या क्लबांमध्ये चालायच्या. न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटच्या आसपास १८६८ ते १९४० या काळात मोठी उलाढाल होती, पण ती मुख्यतः अध्यक्षपदावर.

आधुनिक रूप १९८८ चं. आयोवा विद्यापीठात रॉबर्ट फोर्साइथ, फॉरेस्ट नेल्सन आणि जॉर्ज न्यूमन यांनी अध्यक्षपदाच्या बुश-डुकाकिस लढतीवर बाजार सुरू केला, तोच पुढे आयोवा इलेक्ट्रॉनिक मार्केट्स झाला. गुंतवणुकीची मर्यादा ५०० डॉलर. काँग्रेसवरच्या (म्हणजे अमेरिकेच्या संसदेवरच्या) काँट्रॅक्टमध्ये त्यांनी हाउस हे कनिष्ठ आणि सिनेट हे वरिष्ठ, अशा दोन्ही सभागृहांचे मिळून चार निकाल केले (दोन्ही रिपब्लिकनांकडे, फक्त हाउस, फक्त सिनेट, एकही नाही) आणि ही मांडणी चांगलीच होती, कारण दोन सभागृहांचे निकाल एकमेकांपासून सुटे नसतात.

हाच मुद्दा सुट्या जागांनाही लागू पडतो. समजा पाच जागा अटीतटीच्या आहेत आणि प्रत्येकीचा भाव ५० सेंट आहे, तर गुणाकार करून पाचही जिंकायची शक्यता ३ टक्क्यांच्या आसपास येते. खऱ्या निवडणुकीत ती बरीच जास्त असते कारण पोल (मतचाचण्या) चुकले की बहुतेक एकाच बाजूला चुकतात, वारं सगळीकडे सारखंच फिरतं. म्हणून सुट्या जागांचे भाव जोडून बहुमताचा भाव काढू नये. दुसरी भानगड ‘नियंत्रण’ या शब्दाची. सिनेट ५०-५० झालं तर उपाध्यक्षाचं मत निर्णायक, वर सँडर्स आणि किंग हे अपक्ष सिनेटर डेमोक्रॅट गटात बसतात, म्हणजे नुसत्या जागा मोजून भागत नाही. कालशी या प्रेडिक्शन मार्केट चालवणाऱ्या अमेरिकी कंपनीनं यावर तोडगा म्हणून हाउसचा स्पीकर आणि सिनेटचा प्रो टेंपोर अध्यक्ष (उपाध्यक्ष नसताना सभा चालवणारा सिनेटर) ज्या पक्षाचा त्या पक्षाचं नियंत्रण अशी व्याख्या घेतली.

कायद्याची बाजू थोडक्यात. वायदेबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या कमोडिटी फ्यूचर्स ट्रेडिंग कमिशननं (सीएफटीसी) २०१२ मध्ये नेडेक्स या एक्स्चेंजची राजकीय काँट्रॅक्ट नाकारली. २०१४ पासून न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या नावावर चालणाऱ्या प्रेडिक्टइट या बाजाराला नियमांतून सूट मिळाली, मर्यादा ८५० डॉलर, ती सूट २०२२ मध्ये काढून घेतली आणि प्रकरण कोर्टात गेलं. कालशीची काँग्रेसवरची काँट्रॅक्ट सप्टेंबर २०२३ मध्ये फेटाळली गेली, कंपनी कोर्टात गेली, सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधीश जिया कॉब यांनी निकाल कंपनीच्या बाजूनं दिला, अपील कोर्टानं २ ऑक्टोबरला स्थगिती नाकारली आणि मतदानाच्या महिनाभर आधी हा बाजार उघडला. मे २०२५ मध्ये सीएफटीसीनं अपील सोडून दिलं.

अंदाज किती बरोबर येतात यावर वाद आहे. बर्ग, नेल्सन आणि रिट्झ यांनी १९८८ ते २००४ मधल्या ९६४ पोलशी आयोवाचे भाव ताडून पाहिले, ७४ टक्के वेळा बाजार निकालाच्या जास्त जवळ होता. एरिक्सन आणि व्लेझियन यांचं म्हणणं असं की कच्च्या पोलशी तुलनाच चुकीची, पोल आधी नीट दुरुस्त करून घेतले तर ते सरस ठरतात. हा आक्षेप वजनदार वाटतो. शिवाय दोन्ही अभ्यास अध्यक्षीय निवडणुकांचे, ते जसेच्या तसे कायदेमंडळाला लावणं धाडसाचं. २०२२ मध्ये बाजार सिनेट रिपब्लिकनांना देऊन बसला होता, पेन्सिल्व्हेनियात रिपब्लिकन ऑझही शेवटी पुढे होते, जिंकले डेमोक्रॅट फेटरमन आणि सिनेट डेमोक्रॅटांकडेच राहिलं.

भारतात असा खुला बाजार नाही. करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल, महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा आहेच, आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैशाचे ऑनलाइन खेळ देशभर बंद केले. राजस्थानातल्या फलोदीच्या सट्टाबाजाराचे आकडे निवडणुकीच्या दिवसांत मराठी बातम्यांतही झळकतात, पण सौद्यांची उघड नोंद नसल्यानं ते भाव नक्की कुणाचे हे तपासायची सोय नाही.