माणशी किती?

दिवाळीच्या सुट्टीत मित्रमंडळींना घरी बोलावलं की हिशेब सुरू होतो तो स्वयंपाकघरात. माणशी दोन बटाटेवडे, दहा जण, म्हणजे वीस. त्यावर घरातलं वडीलधारं कुणीतरी म्हणतंच, "पाच-सहा जास्तीचे तळून ठेव गं, कमी पडायला नकोत." हा नुसता काळजीचा सूर वाटतो खरा, पण आकडे त्याच्याच बाजूने आहेत.

जॉन डी कॅस्ट्रो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लोकांना आठवडाभर खाण्याची रोजनिशी लिहायला सांगितलं: काय खाल्लं, किती खाल्लं आणि तेव्हा सोबत किती माणसं होती. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधानुसार, एकट्याने जेवण्यापेक्षा सोबत एक माणूस असताना जेवण सुमारे ३३ टक्क्यांनी मोठं होतं. माणसं वाढत गेली तसा आकडाही चढत गेला आणि सोबतीला सात किंवा जास्त जण असताना तो जवळपास दुपटीवर पोचला. त्यामुळे एकटा माणूस दोन वडे खातो म्हणून दहा जण वीस खातील, हे त्रैराशिक इथे चालत नाही.

भूक काही पाहुण्यांबरोबर दारातून आत येत नाही. वाढतो तो वेळ. गप्पांमुळे माणूस ताटावर जास्त वेळ बसतो, आणि पुढ्यात वडे असले की हात रिकामा राहत नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचलेला असतो, पण शेजारचा अजून खातोय म्हटल्यावर आपणही आणखी एक उचलतो. मात्र सोबत ओळखीची हवी. २०१९ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी ४२ अभ्यास एकत्र तपासले. मित्र आणि घरच्यांबरोबर माणसं जास्त खातात, अनोळखी माणसांसमोर तसं ठळकपणे दिसत नाही, असं त्यांना आढळलं. परक्यांपुढे आपलं इम्प्रेशन जपायचं असतं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात बशीतले निम्मे पोहे तसेच का राहतात, हे ज्याने तो कार्यक्रम केलाय त्याला वेगळं सांगायला नको.

दुसरं कारण फराळाच्या ताटातच आहे. एकच चव खात राहिलं की तिचं सुख घासागणिक कमी होत जातं. हे कमी होणं त्या चवीपुरतंच असतं, इतर चवींना धक्का लागत नाही. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली ऑक्सफर्डमध्ये काही जणांना एकाच सारणाची सँडविचेस दिली, आणि दुसऱ्या वेळी चार वेगवेगळ्या सारणांची. चार सारणं असताना लोकांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं. आता आपलं ताट बघा. चकलीने जीभ खारट-तिखट झाली की समोर करंजी, करंजी गोड झाली की चिवडा, चिवड्यानंतर चहा, आणि चहानंतर शेवेकडे पुन्हा नव्याने लक्ष जातं. "आता पोटात जागाच नाही" म्हणणारा गुलाबजाम आला की सावरून बसतो, तो खोटं बोलत नसतो. त्याची जागा संपली होती ती पुलावापुरती. म्हणूनच आग्रह हा प्रकार मला अगदी अनावश्यक वाटतो. सात पदार्थ मांडून ठेवले की आग्रहाचं काम ते पदार्थच करतात. आणि वाया जाऊ नये असं खरंच वाटत असेल, तर प्रत्येक पदार्थ थोडाथोडा करण्यापेक्षा पदार्थच कमी करावेत.

तासाभराने हॉलमध्ये दुसरी गोष्ट जाणवते: कुणाचंच धड ऐकू येत नाही. एटिएन लोम्बार या फ्रेंच कानाच्या डॉक्टरने १९११ साली दाखवलं, की भोवती गोंगाट असेल तर माणूस नकळत आवाज चढवतो. एकाने चढवला की शेजारच्या घोळक्यासाठी तोच गोंगाट, मग तेही चढवतात, आणि हे चक्र थांबत नाही. त्यात आपले फ्लॅट म्हणजे खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, समोर काचेची सरकती दारं, वर गुळगुळीत पीओपी. आवाज मुरायला जागाच नाही, तो भिंतीभिंतीवर आपटत राहतो. तरुण कान त्यातूनही हवा तो आवाज वेचून काढतात. एका वेळी दोन आवाज कानावर पडत असताना माणूस एकाचाच माग कसा ठेवतो, याचे प्रयोग कॉलिन चेरीने १९५३ साली केले होते. पण वय वाढतं तशी ही ताकद कमी होते. एरवी गप्पिष्ट असलेले आजोबा अशा संध्याकाळी कोपऱ्यात गप्प बसतात, तेव्हा त्यांना कंटाळा आलेला असतोच असं नाही. त्यांना शब्द सुटे ऐकू येत नसतात.

या घुमणाऱ्या आवाजावरचा उपाय हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सेबाइन या भौतिकशास्त्रज्ञाने १८९५ नंतरच्या काळात शोधला. तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून जास्त घुमत राहायचा. सेबाइनने जवळच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या मांडत मांडत घुमणं किती कमी होतं ते मोजलं, आणि सकाळ व्हायच्या आत परत नेऊन ठेवल्या. पुरेशा गाद्या असल्या की घुमणं सेकंदभराच्या आसपास येई. आपल्या गादी, लोड, तक्क्यांच्या बैठकीला हे गणित कुणी शिकवलं नव्हतं, पण गाण्याच्या खासगी मैफिलींना ती उगाच शोभत नाही. तेव्हा दहा माणसं येणार असतील तर प्लास्टिकच्या खुर्च्या मागवण्याआधी माळ्यावरच्या गाद्या आणि सतरंज्या काढाव्यात, जाड पडदे ओढावेत, गाणी लावलीच तर हळू. शिवाय मोकळ्या गप्पांचा एक घोळका साधारण चार जणांच्या पुढे टिकत नाही, पाचवा आला की तो फुटू लागतो, असं रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांना १९९५ साली दिसलं होतं. एका मोठ्या गोलापेक्षा दोन-तीन कोपरे मांडलेले बरे. आजोबांचा कोपरा टीव्हीपासून लांब असावा.

हवेचं गणित थोडक्यात. बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता सोडतो, म्हणजे दहा जण जमल्यावर हॉलमध्ये एक इस्त्री अखंड चालू ठेवल्यासारखं होतं. दहा जणांच्या श्वासातून आणि घामातून तासाला साधारण अर्धा लिटर पाणी हवेत जातं. बारा बाय चौदाचा हॉल गच्च बंद असेल, तर बाहेर ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असलेला कार्बन डायऑक्साइड आत तासाभरात चार हजारांवर जाऊ शकतो. स्प्लिट एसी गारवा देतो, पण बहुतेक वेळा तीच हवा फिरवत राहतो.

हवेत गेलेल्या या पाण्याचा पहिला बळी म्हणजे उघड्या बाउलमधला चिवडा. भाजलेल्या पातळ पोह्यातला स्टार्च काचेसारखा ताठर असतो, म्हणून तो दाताखाली कडकन मोडतो. पाण्याचे रेणू आत शिरले की स्टार्चच्या साखळ्या सैलावतात आणि पोहा चिवट होतो. साधारण ३५ ते ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत असे कुरकुरीत पदार्थ मऊ पडू लागतात, आणि मुंबईची हवा ऑक्टोबरात याच्या बरीच वर असते. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, त्यामुळे तो चिवड्याला मानवतो. माणसांना मात्र उघडी खिडकी लागते. यावर तोडगा साधा आहे: खिडकी उघडायची, चिवडा डब्यात ठेवायचा आणि बाउलमध्ये थोडा थोडा काढायचा. मऊ पडलाच तर मंद आचेवर परतला की पाणी निघून जातं आणि गार झाल्यावर तो पुन्हा कुरकुरीत होतो.

काही घरी सोळकढी आणि कोकम सरबतावर भागतं, काही घरी ग्लास निघतात. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये बहुधा ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. तीस मिलीच्या लहान पेगमध्ये ते सुमारे दहा ग्रॅम भरतं, आणि यकृताला तेवढं निपटायला साधारण एक तास लागतो. लिंबूपाणी किंवा कडक कॉफीने हा वेग वाढत नाही. चखण्याने पोट भरलेलं असेल तर अल्कोहोल लहान आतड्यात हळू उतरतं, म्हणून चढायला उशीर लागतो, पण हिशेब तितकाच राहतो. यजमानाने मोजून ओतावं, अंदाजाने ओतलेला पेग हमखास मोठा होतो. गाडी चालवणाऱ्याच्या हाती सोळकढीच द्यावी.

आणि जास्तीचं केलेलं उरतंच. वडे-चकल्यांचं काही नाही, जपायचा तो भात. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्यातूनही टिकतात. पुलावाचं पातेलं ओट्यावर कोमट राहिलं, की ते रुजून वाढतात, आणि उलट्या करवणारं त्यांचं विष दुसऱ्या दिवशी कितीही तापवलं तरी जात नाही. गप्पा रंगल्या असल्या तरी दोनेक तासांच्या आत कुणीतरी उठून पुलाव परातीत पातळ पसरावा, वाफ गेली की उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये टाकावा. सकाळच्या फोडणीच्या भातासाठी तोच घ्यावा, रात्रभर ओट्यावर राहिलेला टाकून द्यावा.