खानदेशातील अल्झायमर : रुग्ण, घर आणि संशोधन

अल्झायमर हा मेंदूतील पेशी हळूहळू निकामी करत नेणारा आजार आहे. स्मृतिभ्रंश हे लक्षणांच्या एका समूहाचे नाव. ती लक्षणे ज्या आजारांमुळे दिसतात त्यांत अल्झायमर सर्वांत मोठा असून जगभरातील स्मृतिभ्रंशाच्या ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये त्याचा वाटा असतो. सुरुवात बहुधा नुकत्याच घडलेल्या गोष्टी विसरण्यापासून होते. पुढे हिशेब, वाट, वेळ, माणसांची ओळख, बोलणे आणि शेवटी गिळणेसुद्धा सुटत जाते. हा प्रवास काही वर्षांचा, कधी दहा-बारा वर्षांचाही असतो.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात घरोघरी या आजाराला वेगळे नाव नाही. ‘आते वय व्हयनं’ (आता वय झालं) एवढ्या अहिराणी वाक्यावर विषय मिटतो. प्रमाण मराठीचेही फार वेगळे नाही. म्हातारचळ, भ्रमिष्टपणा हे शब्द आहेत, ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आहे. यांतला एकही शब्द आजाराचा नाही, सगळे वयाला दोष देणारे आहेत. निदानाला होणारा उशीर इथूनच सुरू होतो. वयाला औषध नसते, म्हणून म्हातारीला दवाखान्यात नेण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. ती हरवते किंवा पडते तेव्हाच डॉक्टर आठवतात.

शोधाची कथा

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर या ५१ वर्षांच्या बाईंना दाखल करण्यात आले. नवऱ्यावर अकारण संशय, वस्तू लपवून ठेवणे, स्वतःच्या घरात गोंधळून जाणे अशा तक्रारी होत्या. डॉक्टर आलॉइस अल्झायमर त्यांच्याजवळ बसले आणि झालेले बोलणे शब्दशः लिहून ठेवत गेले. बाई डुकराचे मांस आणि फ्लॉवर खात होत्या. काय खाताय असे विचारल्यावर त्या ‘पालक’ म्हणाल्या. ‘मी स्वतःला हरवून बसले आहे,’ हे त्यांचेच वाक्य त्या टिपणांतून पुढे जगभर पोहोचले. ८ एप्रिल १९०६ रोजी त्या वारल्या. मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर पेशींबाहेर साचलेले डाग आणि पेशींच्या आत वळलेल्या तंतूंच्या गाठी दिसल्या. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील सभेत अल्झायमर यांनी हे मांडले, तेव्हा श्रोत्यांनी फारसे लक्ष दिले नाही. १९१० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. मूळ टिपणांची फाईल फ्रँकफर्टलाच होती, पण ती सापडायला १९९५ उजाडावे लागले.

खानदेशाच्या संदर्भात या कथेतली एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. हा आजार ओळखू आला तो सूक्ष्मदर्शकाच्या बळावर, आणि तितकाच रुग्णाचे स्वतःच्या भाषेतले बोलणे एका डॉक्टराने बदल न करता टिपून घेतले म्हणूनही.

मेंदूत काय घडते

पेशींबाहेरचे डाग बीटा-अ‍ॅमिलॉइड या प्रथिनाचे असतात. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी ते वेगळे करून दाखवले. आतल्या गाठी टाऊ या प्रथिनाच्या. अ‍ॅमिलॉइड साचायला लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून सुरुवात झालेली असते. आठवणी नव्याने नोंदवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधित होतो. त्यामुळे सकाळी काय खाल्ले हे आठवत नाही आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नातली पंगत मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. हातांना लागलेल्या सवयी याहूनही उशिरा जातात. वरण-बट्टीचा क्रम विसरलेली, डाळीत दोनदा मीठ टाकणारी बाई परात समोर ठेवली की कणीक मात्र अचूक मळते. घरच्यांना हे ढोंग वाटते. ते ढोंग नसते. मेंदूचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेळी खचत असतात.

वय हा सर्वांत मोठा धोका आहे. ६५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी प्रमाण जवळपास दुप्पट होते. एपीओई-४ या जनुकप्रकाराने धोका वाढतो, हे १९९३ मध्ये कळले. थेट आनुवंशिक, तरुण वयात सुरू होणारा प्रकार अगदी विरळा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार शिक्षणाचा अभाव, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, डोक्याला मार, एकाकीपणा, दुर्लक्षित राहिलेली दृष्टी अशी चौदा कारणे आवरता आली तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू किंवा लांबू शकतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि श्रवणयंत्र ही स्मरणशक्तीचीही औषधे आहेत, हे गावागावांत सांगायला हवे.

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासात मांडला गेला. स्त्रियांत पुरुषांपेक्षा आणि खेड्यांत शहरांपेक्षा प्रमाण जास्त आढळले. खानदेशाचा मोठा भाग खेड्यांचा, आणि आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या इथल्या पुष्कळ बायकांनी शाळेचा उंबरठा पाहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता ६४.४ टक्के, राज्यात सर्वांत कमी होती.

निदान आणि बोलीचा प्रश्न

रूढ चाचण्या शाळा शिकलेल्या माणसासाठी घडवलेल्या आहेत. आज तारीख कोणती, शंभरातून सात वजा करत जा, एक वाक्य लिहून दाखवा, हे प्रश्न कधीही पाटी न धरलेल्या, कॅलेंडर न पाहणाऱ्या आजींना निरोगी असतानाही अवघडच. हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण अभ्यासासाठी १९९० च्या दशकात हिंदी चाचणी तयार झाली तेव्हा ही अडचण ओळखून वजाबाकीच्या जागी वारांची नावे उलट्या क्रमाने सांगायला लावली आणि वाक्य लिहिण्याऐवजी घराविषयी काही सांगायला सांगितले.

खानदेशात यावर आणखी एक पदर चढतो. घरची बोली अहिराणी, लेवा गणबोली, भिली किंवा पावरी. दवाखान्याची भाषा प्रमाण मराठी. आजारात मागून शिकलेली भाषा अनेकदा आधी विरते आणि आईच्या तोंडून ऐकलेली टिकून राहते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून आलेल्या पावरी बोलणाऱ्या म्हाताऱ्याला मराठीतून प्रश्न विचारले, तर तो आहे त्यापेक्षा कितीतरी अधिक बिघडलेला दिसेल. उलटही घडते. नम्रपणे मान हलवून ‘हा साहेब’ म्हणणारा माणूस बरा समजून परत पाठवला जातो. तारखेऐवजी आज कोणत्या गावचा बाजार, आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन किती दिवस झाले, शेतात सध्या काय उभे आहे असे विचारले तर त्याच्या भानाचा खरा अंदाज येतो. सोबत आलेल्या सुनेला वेगळे बसवून ‘गेल्या वर्षी काय जमत होते जे आता जमत नाही’ हा एक प्रश्न विचारावा. तिच्या उत्तरातून मिळते ती माहिती कित्येकदा स्कॅनमध्येही दिसत नाही.

अनेक बोली येणे हे मात्र बळही असू शकते. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखवले की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला, आणि हा फरक निरक्षरांतही होता. नंतरच्या काही अभ्यासांत तो इतका ठळक दिसला नाही. तरीही घरी अहिराणी, बाजारात मराठी आणि सुरतेत गुजराती बोलत आयुष्य काढणाऱ्या खानदेशी माणसाने हा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे.

प्रत्येक विसराळूपणा अल्झायमर नसतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, पडल्यानंतर कवटीखाली साचलेले रक्त यांमुळेही माणूस असाच दिसतो, आणि यांवर उपचार आहेत. म्हणून रक्ततपासणी आणि मेंदूचा स्कॅन टाळू नये. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पाणी कमी पडून किंवा लघवीच्या संसर्गाने म्हातारे माणूस एका रात्रीत बरळू लागते. काही तासांत किंवा दिवसांत आलेला असा गोंधळ ही तातडीची बाब आहे. त्याला म्हातारपण म्हणून झोपवून ठेवल्याने जीव जातात.

औषधे

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि मेमँटिन ही औषधे भारतात मिळतात. त्यांनी काही रुग्णांची लक्षणे काही काळ सावरतात. आजार थांबत नाही. अ‍ॅमिलॉइड धुऊन काढणाऱ्या नव्या औषधांपैकी लेकॅनेमॅबला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. १,७९५ जणांवरील चाचणीत दीड वर्षात ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी कमी झाला, पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक अर्ध्या गुणाहूनही कमी होता. उपचार फक्त सुरुवातीच्या अवस्थेत चालतो, सुरुवातीला दर पंधरवड्याला शिरेतून द्यावा लागतो आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होतो का हे पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. खानदेशातल्या शेतकरी कुटुंबाच्या हाती यातले आज काय लागेल, हे सांगायला नको. रक्तावरील चाचण्यांकडून मात्र आशा धरता येते. मे २०२५ मध्ये अमेरिकेत अशा पहिल्या चाचणीला परवानगी मिळाली. बेंगळुरूचे सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूरच्या ग्रामस्थांचा वर्षानुवर्षे मागोवा घेत आहे. खेड्यातल्या मेंदूचे म्हातारपण कसे असते हे समजण्यासाठी असे काम तापीकाठीही व्हायला हवे.

कायदा आणि मदत

रुग्णाचे भान शाबूत असतानाच बँक, सातबारा आणि मृत्युपत्राची कामे उरकावीत. भान गेलेल्या माणसाने केलेला करार कायद्याने टिकत नाही, आणि आधी दिलेले मुखत्यारपत्रही भारतीय करार कायद्यानुसार संपुष्टात येते. अंगठे उठवून जमिनी लिहून घेण्याचे प्रकार टाळायचे तर हे आधी माहीत हवे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस १४४१६ या सरकारी दूरध्वनी सेवा मोफत आहेत. त्यांचा उपयोग देखभाल करणाऱ्यानेही, स्वतःसाठी, करावा.

घरची देखभाल

खानदेशात हा आजार सांभाळते ती बहुतेक घरांत सून, नाहीतर स्वतःच सत्तरीला टेकलेली बायको. मुलगा सुरतेला नाहीतर पुण्याला नोकरीत, नंदुरबारच्या पाड्यांवर तो ऊसतोडीला गुजरातेत गेलेला. सुनेच्या वाट्याला आजार येतो आणि बदनामीही येते. सासू तासापूर्वी भरपेट जेवलेली असते, ते तिच्या मेंदूत नोंदलेले नसते. ओट्यावर बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, मला दोन दिवस कोणी भाकर दिली नाही. पोत उशीच्या खोळीत स्वतःच दडवते आणि चोरीचा आळ सुनेवर घेते. ऑगस्टे डेटर यांच्या नवऱ्याने फ्रँकफर्टला सांगितले ते याहून वेगळे नव्हते. गल्लीला मात्र फ्रँकफर्ट माहीत नसते, गल्लीला सून माहीत असते. या बायका रात्र-रात्र जागतात, कपडे बदलतात, धुणे दोनदा धुतात आणि दिवसा नातेवाइकांच्या नजरा सोसतात. निदानाचा कागद आल्यावर रडू आले ते दुःखाने नव्हे, आपण खोटे नव्हतो हे सिद्ध झाले म्हणून, असे त्यांच्यापैकी काही सांगतात. त्यांच्यासाठी आठवड्यातून एक दुपार दुसऱ्या कोणी बसणे हा या आजारातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मीळ उपचार आहे.

शेतकरी घराचे धोके शहरी पुस्तकांत सापडत नाहीत. कपाशीवरच्या फवारणीचे डबे हाताशी असतात, विहिरीला कठडा नसतो. शेतीपंपाची वीज कधी रात्री येते, आणि आयुष्यभर त्या वेळी उठून मोटार सुरू करणारा बाप आता मोटारीचे काम नसतानाही केळीच्या बागेकडे चालू लागतो. केळीच्या दाट बागेत शिरलेला माणूस दहा पावलांवरून दिसत नाही. विषारी डबे कुलपात, विहिरीवर जाळी, खिशात नाव-गाव-फोनची चिठ्ठी आणि शेजाऱ्यांना स्पष्ट कल्पना, एवढे तरी करावेच. लपवलेला रुग्ण हरवला तर शोधायला कोणी निघत नाही. एकाकी पडतील म्हणून म्हाताऱ्यांना मुलाच्या शहरातल्या फ्लॅटवर नेले की गोंधळ अनेकदा वाढतो. तिथे ओळखीचा दरवाजा, अंगण, बोली काहीच उरत नाही.

दिवस कलला की अनेक रुग्ण अस्वस्थ होतात. यावल तालुक्यातल्या घरात सायंकाळी पंचाहत्तरीतली बाई लुगड्याचे गठोडे बांधते, चपला घालते आणि म्हणते, ‘माले घर जानं शे.’ ती तिच्याच घराच्या उंबऱ्यावर उभी असते. तिला हवे असलेले घर माहेरचे, आखाजीला झोके बांधलेले. आईबाप कधीच गेलेले, भिंतीही उरलेल्या नाहीत. ‘हेच तुझं घर, कशी वेडी तू’ म्हटले की ती चिडते, कधी हात उगारते. आईबाप मेल्याचे सांगितले तर ती बातमी तिला आजच कळते आणि ती आज रडते, उद्या पुन्हा आजच कळल्यासारखी रडते. अनुभवाने शिकलेल्या सुना वाद घालत नाहीत. त्या गठोडे स्वतः उचलतात, ‘चाल, जाऊ’ म्हणतात, वाटेत माहेरच्या विहिरीचे, मैत्रिणींचे विचारतात. गौराईचे एखादे गाणे सुरू केले तर पुढच्या ओळी सासू स्वतः म्हणते, कारण गाणी फार खोलवर टिकतात. मारुतीच्या पारापर्यंत जाऊन, थोडे बसून, अंधार पडता पडता दोघी त्याच वाटेने मागे फिरतात. दारात दिवा लागलेला असतो. सासू चपला काढते, गठोडे खाली ठेवते आणि सुनेला आग्रह करते : आलीच आहेस तर जेवून जा.