बोर्जेस दे मेदेइरोस, आंतोनियो आउगुस्तो

(१९ नोव्हेंबर १८६३–२५ एप्रिल १९६१). ब्राझीलच्या दक्षिण टोकाच्या रीओ ग्रांदे दो सूल राज्याचा सुमारे पाव शतक अध्यक्ष राहिलेला राजकारणी. (तेथील राज्यप्रमुखास त्या काळी अध्यक्ष म्हणत.) जन्म कासापाव्हा येथे. साओ पाउलो व रेसिफे येथे कायद्याचे शिक्षण घेऊन तो १८८५ मध्ये पदवीधर झाला. प्रजासत्ताकाच्या स्थापनेनंतर राष्ट्रीय संविधान सभेचा सदस्य, पुढे राज्यात न्यायाधीश व पोलीसप्रमुख. रिपब्लिकन पक्षाचा नेता जूलियो दे कास्तिल्योस याने १८९८ मध्ये त्याला अध्यक्षपदी आणले. पक्षाची सूत्रे मात्र कास्तिल्योसच्या मृत्यूनंतरच (१९०३) त्याच्या हाती आली. त्याची कारकीर्द १८९८–१९०८ व १९१३–२८ अशी दोन खंडांत पडते. मधली पाच वर्षे कार्लोस बार्बोझा अध्यक्ष असला, तरी पक्ष बोर्जेसच्याच मुठीत होता.

या दीर्घ सत्तेचा पाया म्हणजे १४ जुलै १८९१ चे राज्य संविधान. ते बव्हंशी कास्तिल्योसने लिहिले. त्यानुसार अध्यक्ष स्वतःच कायदे करी. मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवल्या की औपचारिकता संपे. प्रतिनिधिसभेचे काम मुख्यतः अंदाजपत्रकापुरते उरे. उपाध्यक्षही अध्यक्षच नेमत असे. ही रचना फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त काँतच्या प्रत्यक्षार्थवादातून (केवळ अनुभवसिद्ध, शास्त्रीय ज्ञान प्रमाण मानणारी विचारसरणी) कितपत आली, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. रिकार्दो व्हेलेझ रोद्रिगेस तिला उदारमतविरोधी स्थानिक परंपरा मानतो. आल्फ्रेदो बोसी तीत पुढील कल्याणकारी राज्याचे बीज पाहतो. जोसेफ लव्ह याचा भर पक्षाची शिस्त व प्रादेशिक राजकारण यांवर असून बोर्जेसच्या प्रत्यक्ष कारभाराशी हे मत अधिक जुळते. तरीही १९१७ च्या संपात त्याच्या शासनाने कामगारांच्या काही मागण्या मान्य केल्या आणि १९१९–२० मध्ये रीओ ग्रांदे बंदर व लोहमार्ग राज्याच्या ताब्यात घेतले. केवळ पक्षयंत्रणेच्या हिशोबाने या गोष्टींचा उलगडा होत नाही.

सर्वांत वादग्रस्त ठरली ती २५ नोव्हेंबर १९२२ ची निवडणूक. लागोपाठ पुन्हा निवडून येण्यास तीन चतुर्थांश पाठिंबा हवा, अशी संविधानाची अट होती. तीन चतुर्थांश कशाचे, नोंदलेल्या मतदारांचे की पडलेल्या मतांचे, यावरच वाद पेटला. अधिकृत मोजणीत बोर्जेसला सुमारे १ लाख ६ हजार, तर प्रतिस्पर्धी आसिस ब्राझीलला सुमारे ३२ हजार मते पडली. पडलेली मते धरली तर आवश्यक आकडा सुमारे १ लाख ४ हजार येतो. म्हणजे दोन-अडीच हजारांनी निभावले. मतदान उघड होते आणि मतपत्रांची छाननी करणाऱ्या सभासमितीचा अध्यक्ष खुद्द बोर्जेसचा अनुयायी जेतूलियो व्हार्गास होता. समिती पराभवाची वार्ता द्यायला गेली असता तिने तोंड उघडण्यापूर्वीच बोर्जेसने विजयाबद्दल आभार मानले, ही कथा बहुधा विरोधकांनी पसरवली. गैरप्रकार झाले याबद्दल आता फारशी शंका घेतली जात नाही. त्यांशिवाय निकाल उलटला असता का, हे मात्र वेगळे.

जानेवारी १९२३ मध्ये बंड उसळले. लाल रुमालवाले विरोधक ‘मारागातो’, तर पांढऱ्या रुमालाचे सरकारपक्षीय ‘शिमांगो’. हे दुसरे नाव (मूळ अर्थ एक शिकारी पक्षी) रामिरो बार्सेलोसच्या १९१५ मधील उपहासकाव्यातून बोर्जेसला चिकटले होते. तो कृश व रुक्ष स्वभावाचा असल्याने ते शोभूनही दिसले. १४ डिसेंबर १९२३ च्या पेद्रास आल्तास करारान्वये बोर्जेसची मुदत कायम राहिली, पण लागोपाठ फेरनिवड बंद झाली. जानेवारी १९२८ मध्ये त्याने पद सोडले व व्हार्गास त्याच्या जागी आला.

व्हार्गासला देशाच्या सत्तेवर आणणाऱ्या १९३० मधील सत्तांतराला बोर्जेसने पाठिंबा दिला. १९३२ च्या व्हार्गासविरोधी घटनावादी उठावात मात्र तो विरुद्ध बाजूस गेला. सेरो आलेग्रे येथे तो पकडला गेला व त्याला रेसिफेला स्थानबद्ध ठेवण्यात आले. १९३४ मध्ये संविधान सभेतील राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत व्हार्गासला १७५ व त्याला ५९ मते मिळाली. त्यानंतर तो संघीय प्रतिनिधिगृहात निवडून आला. १९३७ मध्ये ते गृहच बरखास्त झाले. पोर्तो आलेग्रे येथे त्याचे निधन झाले.